खाणीतून वरच्या खुर्चीपर्यंत: सांगली-साताऱ्याच्या मुलामुलींसाठी

खाणीच्या धंद्यात वरपर्यंत जायचं असेल तर पर्सेंटाइलचा कागद जरा बाजूला ठेवा आणि आधी मला एवढंच सांगा: टोपीवरच्या दिव्याशिवाय दुसरा उजेड नाही, पायाखाली चिखल आहे, छत डोक्याला लागतंय, अशा जागी चार-चार तास वाकून चालता येईल का? या प्रश्नाला मनापासून ‘हो’ असेल तर पुढचं वाचा.

दर जूनमध्ये सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी विटा, आटपाडी, तासगाव, कराडकडची पाहुणी मंडळी पोरांना घेऊन येतात. ‘आबा, ह्याला तुमच्यासारखं मोठ्या कंपनीत साहेब करायचंय, काय करायचं सांगा.’ दोन तास बोलणं होतं, चहा होतो, पोरगं मान हलवतं आणि घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतं. म्हणून यंदा लिहूनच काढलं. मी १९८८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत शिकाऊ म्हणून उतरलो आणि २०२४ साली एका वीज कंपनीच्या संचालकपदावरून निवृत्त झालो. मधल्या छत्तीस वर्षांत जे हाताला लागलं ते इथं आहे.

सुरुवात घराजवळून करा. आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस कमी, म्हणून माणसं गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळायच्या, धंद्याला देशभर पांगली. माझे वडील कोइमतूरला होते. सातवीच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानात दीड महिना राहिलो. मुशीत जुने दागिने, वर टाकणखाराची चिमूट, शेजारी भाता. भट्टी पेटवायच्या आधी वडील माल तोलायचे, वहीत लिहायचे. सोनं काढल्यावर परत तोलायचे आणि किती घट आली ते गिऱ्हाइकासमोर लिहायचे. गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी लिहायचे. पुढं कोळशाने भरलेला रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, काट्यावर चढताना मला तीच वही आठवायची. ज्या घरात असा धंदा आहे, त्या घरातल्या पोरांनी तो नीट बघून घ्यावा. धातू, घट आणि विश्वास या तीन गोष्टी तिथं फुकट शिकायला मिळतात.

दुसरी शाळा म्हणजे कोयना. कोयनानगरला धरणापुढं फोटो काढून परत येऊ नका. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला नेलंय, खाली पोफळीकडं कोकणात सोडलंय आणि त्या उतारावर वीज केलीय, हे नकाशा पुढ्यात घेऊन समजून घ्या. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. पण पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादानं मर्यादा घातलीय, वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. आता विचार करा. हेच पाणी पूर्वेला सोडलं तर कृष्णेत येतं, आणि त्याच कृष्णेवर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना उभ्या आहेत. आमच्या रानात टेंभूचं पाणी आलं तेव्हा माझ्या आईनं पाटाची ओटी भरली. ते पाणी वर चढवायला पंप लागतात, पंपाला वीज लागते. मे महिन्यात संध्याकाळी सातला मुंबईची मागणी चढलीय आणि त्याच वेळी सांगलीचं पात्र कोरडं पडलंय, तर पाणी कुठं सोडायचं? ऊर्जा क्षेत्रातला प्रत्येक मोठा अधिकारी सरतेशेवटी असल्याच प्रश्नावर बसलेला असतो. तुम्ही तर या प्रश्नाच्या काठावरच जन्मलात.

वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर एकदा जुलैत जा आणि एकदा फेब्रुवारीत. जुलैत पवनचक्क्या गरगरतात, फेब्रुवारीत बऱ्याच उभ्या दिसतात. मागणीचा कळस मात्र उन्हाळ्यात. हा मेळ कसा घालायचा, वीज साठवायची कशी, यात तुमच्या पिढीची सगळी नोकरी खर्ची पडणार आहे. जवळच्या साखर कारखान्यात सहवीजनिर्मितीचा बॉयलर बघायला मिळाला तर तेही सोडू नका.

आता शिक्षण. खाणीच्या साहेबाला खाणकामाची पदवी किंवा पदविका हवी. धनबादची संस्था १९२६ सालची, ‘इंडियन स्कूल ऑफ माइन्स’ म्हणून नावाजलेली. २०१६ पासून ती आयआयटी आहे. नागपूरला व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकी आहे. पुढं सरकारी कंपन्यांसाठी गेट परीक्षा उपयोगी पडते, तिच्यात खाणकामाचा स्वतंत्र पेपर असतो. मी १९८४ ला धनबादला निघालो तेव्हा मुंबईला जाऊन हावड्याच्या गाडीत बसावं लागायचं, आणि ट्रंकेवर बसूनच निम्मा देश पार व्हायचा. आता मिरजेतून दीक्षाभूमी एक्सप्रेस थेट धनबादला जाते. नागपूरला जायचं तर महाराष्ट्र एक्सप्रेस सांगली, कराड, साताऱ्यावरूनच जाते. लांब पडतं म्हणून पोरीला पाठवत नाही, असं सांगणाऱ्या पालकांना मी आधी हेच वेळापत्रक दाखवतो.

घराजवळच शिकायचं असेल तर सांगलीचं वालचंद आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी आहे. तिथं यांत्रिकी किंवा विद्युत करून वीजकेंद्राच्या बाजूनं या क्षेत्रात शिरता येतं, आणि ती वाटही वरपर्यंत जाते. त्या वाटेवर बॉयलर चालवणाऱ्या इंजिनिअरची बीओई परीक्षा लवकर द्या आणि ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षाही द्या. पण खाणीचा मॅनेजर व्हायचं असेल तर ही वाट पुरत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच लक्षात असू द्या. माझ्या पाहण्यातल्या दोघांना ते पस्तिशीत कळलं.

खाण म्हणजे फक्त कोळसा असंही नाही. नागपूर, भंडारा, बालाघाटकडं मँगनीज आहे, छत्तीसगडात बैलाडिल्याचं लोखंड आहे, राजस्थानात जस्त आहे. मी कोळशातला, म्हणून उदाहरणं कोळशाची देतोय.

पदवी झाली, नोकरी लागली. इथं बहुतेक पोरं एक चूक करतात. पहिल्या दोन वर्षांत कुणीतरी प्लॅनिंगच्या ऑफिसात, संगणकापुढं, एसीत बसायची संधी देतं, आणि ते आनंदानं जातात. जाऊ नका. तुम्हाला फर्स्ट क्लास मॅनेजर्स सर्टिफिकेट मिळवायचंय. खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे धनबादचं डीजीएमएस, ही परीक्षा घेतं. तिला बसायला खाणीतला प्रत्यक्ष अनुभव लागतो, गॅस टेस्टिंगचा दाखला लागतो, प्रथमोपचाराचा लागतो. आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. खुल्या खाणीपुरतं मर्यादित सर्टिफिकेट वेगळं आणि भूमिगत खाणीसकट सगळीकडं चालणारं वेगळं. भूमिगतवालंच घ्या. त्यासाठी भूमिगत खाणीत वर्षं काढावी लागतात, अंग दुखतं, रात्रपाळीनं झोप बिघडते. तरी तेच घ्या. माझी सगळी नोकरी १९५२ च्या खाण कायद्याखाली झाली. त्यात खाणीला एक मॅनेजर असतो आणि खाणीचा ताबा, व्यवस्था, देखरेख त्याच्या अंगावर असते. पुढं तुम्ही कितीही वर गेलात तरी खालच्या माणसानं तुमच्याकडं बघताना पहिला प्रश्न मनात हाच धरलेला असतो, की यानं स्वतः खाण चालवलीय का?

तोंडी परीक्षेत आकडे विचारतात. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की स्फोट होऊ शकतो, १.२५ टक्क्यांच्या वर गेला की वीज तोडायची, माणसं बाहेर काढायची. हे पाठ असतंच सगळ्यांचं. पण मला खाण शिकवली ती एका ओव्हरमननं, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्यानं, पहिल्या पंधरवड्यात. तो छत्तीसगडकडचा, पन्नाशीचा, फार बोलायचा नाही. फेसवर, म्हणजे जिथं कोळसा तोडतात तिथं, पोचलो की तो आधार दिलेल्या छताखाली उभा राहायचा, डावा तळवा वर टेकवायचा आणि उजव्या हातातल्या काठीनं पुढचं छत ठोकायचा. कुंभाराकडं माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ना, अगदी तसं. आवाज खणखणीत आला तर छत धड. बद्द आला आणि तळव्याला थरथर लागली तर वर थर सुटलाय, आधार दिल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. त्यानं माझा तळवा धरून छताला लावला आणि तीन ठिकाणी ठोकून दाखवलं. मला काहीच फरक कळला नाही. ‘कळेल,’ म्हणाला, ‘रोज ठोकत राहा.’ सहा आठवड्यांनी एका पहाटे हाताला ती थरथर लागली आणि मी आपोआप मागं सरकलो. तो काही बोलला नाही, फक्त टिंबर, म्हणजे आधाराचं लाकूड, आणायला माणूस पाठवला. आजही उपकरणं कितीही आली तरी हे हातानं शिकून घ्या, आणि ज्यानं शिकवलं त्याचं नाव डायरीत लिहून ठेवा.

मॅनेजर झाल्यावर काय बिघडतं तेही सांगतो, कारण ते माझ्या हातून बिघडलं. २००३ च्या पावसाळ्यात मी एका खुल्या खाणीचा मॅनेजर होतो. दुपारी चारला ओव्हरमनचा अहवाल टेबलावर आला: ‘तिसऱ्या बेंचच्या काठाला बोटभर तडा, पाऊस चालू.’ बेंच म्हणजे खुल्या खाणीतली कापलेली पायरी. मी वाचलं, सही केली, आणि वरिष्ठांची बैठक होती म्हणून तिकडं गेलो. मनात होतं, सकाळी बघू. पहाटे तीनला फोन वाजला. काठाचा मोठा तुकडा खाली बसला होता आणि शॉव्हेल, म्हणजे उपसा करायचं मोठं यंत्र, निम्मं मातीत गाडलं गेलं होतं. त्याचा चालक दहाच मिनिटांपूर्वी उतरून पंपाकडं गेला होता. तिथं पाणी तुंबलं म्हणून कुणीतरी त्याला हाक मारली होती. तो वाचला ते त्या हाकेमुळं. माझ्यामुळं नाही. सकाळी त्याची बायको गेटवर आली, त्याच्या हातात डबा दिला आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. अहवालावर माझी सही होती.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळला आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येक मॅनेजरला पाळायला लावला. अहवालात तडा, पाणी, धूर किंवा वास यातला एक जरी शब्द असला तर सही केबिनमध्ये करायची नाही. आधी जागेवर जायचं, बघायचं, आणि तिथंच उभं राहून सही करायची. बैठक थांबवता येते. धनबादला असताना आमच्या मास्तरांनी आम्हाला चासनाळ्याबद्दल सांगितलं होतं. २७ डिसेंबर १९७५, जुन्या कामातलं साठलेलं पाणी खाणीत घुसलं आणि जवळजवळ पावणेचारशे माणसं गेली. पाण्याचा धोका कागदावर किती लहान दिसतो हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

मॅनेजरच्या वर गेलात की काम पालटतं. आता रोज खाली उतरणं होत नाही, आणि आकड्यांशी गाठ पडते. हे आकडे तोंडी करता आले पाहिजेत, कारण बैठकीत समोरचा माणूस वही उघडायला वेळ देत नाही. एक उदाहरण करून दाखवतो. ५०० मेगावॉटचा संच चोवीस तास पूर्ण भारावर चालला तर १ कोटी २० लाख युनिट होतात. एका युनिटला समजा २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते आणि कोळसा किलोला ४,००० किलोकॅलरीचा आहे. म्हणजे युनिटला ६०० ग्रॅम, दिवसाला ७,२०० टन. एका रेकमध्ये साधारण ४,००० टन बसतो, म्हणजे रोज जवळजवळ दोन रेक. आता तोच कोळसा ३,५०० चा आला तर? दिवसाला ८,२०० टनांच्या वर जातो. रोज हजार टन जादा, जादा वाघिणी, जादा राख, आणि बॉयलरला त्रास वेगळा. म्हणून सायडिंगवर, म्हणजे मालगाडी उभी करायच्या बाजूच्या रुळावर, कोळशाचा नमुना कोण घेतो, कसा घेतो, पोत्याला सील कुणाचं, हे बघायला मी संचालक झाल्यावरसुद्धा स्वतः जायचो. वडिलांच्या वहीतली घट इथं कोटींत होते.

खुल्या खाणीत दुसरा आकडा: एक टन कोळशासाठी किती घनमीटर माती-दगड उचलायचा. एकास पाच असेल आणि वर्षाला २० लाख टन काढायचे असतील तर १ कोटी घनमीटर ओबी, म्हणजे कोळशावरची माती-दगड, हलवावी लागते. यंदाचं उत्पादन चांगलं दिसावं म्हणून माती मागं ठेवून नुसता कोळसा ओढणारे साहेब मी पाहिलेत. त्यांची बढती होते, आणि पुढच्या माणसाच्या वाट्याला उभा, धोकादायक काठ येतो. तुम्ही तसं करू नका, आणि तशी खाण ताब्यात मिळाली तर पहिल्याच आठवड्यात मोजणी करून लेखी कळवा.

वीज कंपनीकडं वळायचं असेल तर २००३ चा वीज कायदा आणि नियामक आयोगाचे आदेश वाचायची सवय लावा. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पडतात आणि प्रत्येक भागासाठी किती वीज देणार ते आधी कळवावं लागतं. ज्याची वीज स्वस्त त्याला आधी बोलावणं येतं. चाळिशीनंतर खाण सोडून इंधन विभागात आलो तेव्हा मला हे शिकायला वर्ष लागलं. व्यवस्थापनाची पदवी घ्यावी का, असं सगळे विचारतात. घ्या, पण आठ-दहा वर्षं काम झाल्यावर. तेव्हा ताळेबंद वाचताना प्रत्येक ओळीमागं यंत्र दिसतं, माणूस दिसतो.

जमिनीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मोठे साहेब सगळ्यात जास्त इथंच कमी पडतात. नव्या खाणीसाठी जनसुनावणी होते. मंडप, माईक, पुढच्या रांगेत खुर्च्या, आणि गावकरी मागं उभे. एका सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी त्या गावात ओट्यावर जाऊन बसलो. एक म्हातारी म्हणाली, ‘साहेब, विहीर कुणाची लिहिलीय?’ यादी काढली. विहीर दिराच्या नावावर लागली होती, आणि ती तर या बाईच्या नवऱ्यानं स्वतः खणलेली. आमच्या कचेरीत ती यादी तीन जणांनी तपासली होती. सातबारा मात्र कुणी शेजारी ठेवून वाचला नव्हता. तुम्ही सातबारा, फेरफार, बांधाचं भांडण हे सगळं बघत वाढलेली मुलं आहात. शहरातल्या अधिकाऱ्याला जे वकील लावून कळतं ते तुम्हाला आजोबांच्या बोलण्यातून आधीच ठाऊक आहे. ते वापरा. यादी स्वतः वाचा, गावात जाऊन वाचा, आणि जे लिहून देता येत नाही ते तोंडानं कबूल करू नका. कोयनेच्या धरणग्रस्तांची नातवंडं अजून कागद घेऊन फिरताना आपण पाहतो. आपल्या सहीनं दुसऱ्या कुणाच्या नातवंडांवर ती वेळ येऊ नये.

मुलींसाठी वेगळं सांगतो. आमच्या वेळी बाईला भूमिगत खाणीत कामाला परवानगीच नव्हती. २०१९ मध्ये सरकारनं ती दिली, दिवसपाळीत, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी. म्हणजे वरच्या खुर्चीकडं जाणारी खरी वाट तेव्हा उघडली. माझ्या पुतणीची मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिला धनबादला जायचंय. मी तिच्या वडिलांना सांगितलंय, तिला अडवाल तर माझ्याशी गाठ आहे.

घराचा हिशेबही आधी करा. दर तीन-चार वर्षांनी बदली, वसाहतीतलं घर, मुलांच्या शाळा बदलणं, जोडीदाराची नोकरी. आमच्या हिनं दोनदा शिक्षिकेची नोकरी सोडली. लग्न ठरवताना हे स्पष्ट बोला. तब्येतीची ठरलेली तपासणी कधीही चुकवू नका, छातीचा फोटो जपून ठेवा.

आणि कधी एखाद्या खाणीचा किंवा क्षेत्राचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली, तर पहिला आठवडा असा घालवा. सत्काराला नकार द्या. पहाटे साडेपाचला, गाडी लांब उभी करून, पहिल्या पाळीच्या माणसांबरोबर लॅम्प रूमपाशी जा. आपला दिवा स्वतः घ्या, स्वतः तपासा. हजेरीवाल्याचं, लॅम्प रूमवाल्याचं नाव विचारा. ओव्हरमनच्या मागं चाला, पुढं नको. फेसवर पोचलात की काठी मागून घ्या, आधाराखाली उभे राहा, डावा तळवा छताला लावा आणि ठोका. तिथली माणसं गप्प होऊन बघत असतात. आवाज बद्द आला तर काम थांबवा आणि टिंबर मागवा, मग तो तुमचा पहिला दिवस असो की शेवटचा.